‘विकून टाक त्याला’ : जॉन बनियनच्या डोक्यात वर्षभर ठाण मांडून बसलेला विचार

नको असताना डोक्यात घुसणाऱ्या देवनिंदेच्या विचारांची ही केस कळायची तर आधी माणूस कळायला हवा. जॉन बनियन, जन्म १६२८, गाव एल्स्टो, इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या अगदी लगतचं. बापाचा धंदा फुटकी भांडी सांधायचा, डाग द्यायचा, तोच पोरानं उचलला. शाळा लिहावाचण्यापुरती. सोळाव्या वर्षी तिथल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूनं शिपाई म्हणून गेला, परत आला, लग्न केलं, आणि घरची परिस्थिती अशी की नवराबायकोत मिळून धड एक ताट नाही की चमचा नाही, बायकोनं माहेरून आणलेली इस्टेट काय तर दोन धार्मिक पुस्तकं. पहिली मुलगी मेरी जन्मानं आंधळी, तिचा बाप्तिस्मा १६५० चा. पुढं हाच माणूस उपदेशक झाला, सरकारमान्य चर्चच्या बाहेर प्रवचन करतो म्हणून १६६० ला धरला गेला, बारा वर्षं बेडफर्डच्या जेलमध्ये काढली आणि १६७८ ला त्याचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ छापून आलं, जे हरि केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलं. त्यामुळं आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचणाऱ्या माणसाला हे नाव अगदीच परकं नाही.

पण इथं आपल्याला तो मोठा लेखक नकोय. आपल्याला हवाय तो पंचविशीच्या आसपासचा कारागीर, ज्याला रोज वाटायचं की आपण आता नरकात जाणार आणि तेही स्वतःच्याच डोक्यात आलेल्या एका वाक्यापायी. हे सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, ‘ग्रेस अबाउंडिंग टू द चीफ ऑफ सिनर्स’ या पुस्तकात, १६६६ चं पुस्तक, म्हणजे जेलमध्ये असतानाचं. इतकं बारकाईनं आणि इतकं लाज सोडून लिहिलंय की वाचताना अंगावर येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज बसून आजाराचं लेबल लावायचं नाही, ते कुणालाच जमणारं नाही. पण त्यानं काय काय केलं, त्यातलं काय अंगाशी आलं आणि काय कामी आलं हे बघता येतं, आणि माझं म्हणणं असं की आपल्या मंडळ्यांमध्ये अशा माणसाला जे सल्ले मिळतात त्यातले निम्मे सल्ले बनियननं आधीच वापरून बघितलेत आणि ते फसलेत.

सुरुवात

हे एका दिवसात आलं नाही. आधी चर्चच्या घंटा वाजवायचा त्याला नाद होता, मग वाटायला लागलं की हा नाद काही बरा नाही, म्हणून सोडला, पण बघायला जायचा. बघता बघता मनात आलं की घंटा तुटून डोक्यात पडली तर? म्हणून आडव्या तुळईखाली उभा राहायला लागला. मग वाटलं घंटा भिंतीला आपटून उसळली तर, तुळई असली तरी आपण मरणारच, म्हणून दारात उभा राहायला लागला. मग वाटलं अख्खा मनोराच कोसळला तर? शेवटी तिथं थांबणंच बंद. आणखी एकदा एल्स्टोहून बेडफर्डला जाताना डोक्यात आलं की आपल्याला विश्वास आहे का नाही हे तपासायचं तर चमत्कार करून बघावा, रस्त्यावरच्या डबक्यांना सांगावं की सुका. सांगायच्या आधी कुंपणाआड जाऊन प्रार्थना करावी असं ठरवलं, आणि मग भीती वाटली की डबकं सुकलं नाही तर? मग आपल्याला विश्वास नाही हे पक्कंच होणार. म्हणून केलंच नाही. हे वाचून हसू येतं, पण खात्री करून घ्यायची ही जी खाज आहे ना, पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

मग आले देवनिंदेचे विचार. देव खरंच आहे का, ख्रिस्त खरा कशावरून, आपलं शास्त्र तेवढं खरं आणि तुर्कांचं, म्हणजे मुसलमानांचं, खोटं हे कुणी ठरवलं, असे प्रश्न, आणि त्याहून घाण वाक्यं जी त्यानं कागदावर उतरवायलाही नकार दिलाय. तोंडातून काहीतरी निघून जाईल या भीतीनं त्याला हनुवटीखाली हात धरून जबडा मिटून ठेवावासा वाटायचा, आणि कधी तर उकिरड्याच्या खड्ड्यात डोकं खाली करून उडी मारावी म्हणजे तोंड आपोआप बंद राहील असंही मनात यायचं. प्रार्थनेला बसला की देवाच्या जागी डोळ्यासमोर झुडूप यायचं, बैल यायचा, खराटा यायचा, जणू आपण त्यालाच हात जोडतोय. ज्यांना हा त्रास नाही त्यांना ही ओळ विनोदी वाटेल. ज्यांना आहे ते ही ओळ वाचून थांबतात, कारण त्यांना वाटत असतं की जगात हे फक्त आपल्यालाच होतं.

१९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी चांगल्या धडधाकट, कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं की तुमच्या डोक्यात नको ते, घाण, हिंसक, लाज वाटणारे विचार अचानक येतात का, तर साधारण ८० टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे विचार येणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. बहुतेक जण म्हणतात, काय फालतू आलं डोक्यात, आणि भाजी चिरायला लागतात. ज्याचा विश्वास त्याला जिवापेक्षा प्यारा आहे त्याला मात्र तोच विचार विश्वासावर घाला वाटतो, आणि तो भाजी टाकून विचाराच्या मागं लागतो.

मुख्य विचार

यानंतर थोडे बरे दिवस आले, त्याला आपण ख्रिस्ताचे आहोत असं अगदी आतून वाटायला लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी हे सुरू झालं. ‘ख्रिस्ताला विकून टाक.’ कशासाठी? कशासाठीही. एक वर्ष. महिन्यातला एक दिवससुद्धा सुटका नाही, झोपेत तेवढी काय ती. जेवायला बसला, खाली पडलेली टाचणी उचलायला वाकला, लाकूड फोडायला घेतलं, कशाकडे नुसतं बघितलं तरी, याच्यासाठी ख्रिस्ताला विक, त्याच्यासाठी विक, विक, विक. कधी कधी एका दमात शंभर वेळा.

आता त्यानं काय केलं ते बघा, कारण खरी केस इथं आहे. त्यानं उत्तर दिलं. प्रत्येक वेळी. ‘नाही विकणार, नाही विकणार, हजारो, हजारो, हजारो जगं दिली तरी नाही.’ हजारो हे इतक्यांदा का, तर कमी वेळा म्हटलं तर ख्रिस्ताची किंमत आपण कमी लावली असं होईल. म्हणजे उत्तरातही मोजमाप आलं, उत्तर बरोबर दिलं का याचीही धास्ती आली. हे करताना त्याचं अंगही हलायचं, हातानं, कोपरानं तो कुणाला तरी ढकलल्यासारखं करायचा, तासन् तास, इतका की आपण कुठं आहोत हेही त्याला धड कळायचं नाही. आणि त्यानं स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय की या विचाराची कितीही किळस आली, कितीही विरोध केला तरी त्याचा जोर रतीभरही कमी झाला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती लोक वाचताना सोडून देतात. ताटावर बसला की मनात यायचं, ऊठ, आत्ताच्या आत्ता प्रार्थनेला जा. तो म्हणायचा, जेवतोय, एवढं संपवू दे. आतून यायचं, नाही, आत्ताच, नाहीतर देवाचा अवमान होईल. आणि आपण नाही उठलो तर देवाला नाकारल्यासारखं होईल म्हणून त्याचा जीव कासावीस व्हायचा. पुढं लिहिताना त्यानं याला सैतानाचं खोटं पावित्र्य म्हटलंय. प्रार्थना कर असं सांगणारी प्रत्येक आतली हाक देवाचीच असते असं नाही, हे ओळखायला त्याला काही वर्षं गेली. आपल्याकडं कितीतरी जण, विशेषतः तरुण पोरं, रात्री अंथरुणातून चारचारदा उठून गुडघे टेकतात कारण मघाची प्रार्थना ‘मनापासून’ झाली नाही, ‘आमेन’ म्हणताना मध्येच घाण विचार आला, परत पहिल्यापासून. घरचे म्हणतात, पोरगं किती आध्यात्मिक आहे.

मग एका सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या, हेच चालू असताना, झगडून झगडून दमल्यावर त्याच्या मनातून एक वाक्य गेलं, ‘जाऊ दे त्याला, जायचं असेल तर.’ आणि त्याला वाटलं की आपल्या मनानं याला होकार दिला. झालं. संपलं सगळं. यहूदानं तीस नाण्यांना विकला, आपण तर फुकट सोडला.

पुढची दोन वर्षं

या एका क्षणाभोवती त्याची जवळपास दोन वर्षं गेली. इब्री लोकांस पत्रातला बाराव्या अध्यायातला एसाव त्याच्या मानगुटीवर बसला, एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकणारा, मागाहून रडून मागितला तरी न मिळालेला. मग बनियन बायबल घेऊन हिशोब करायला लागला. दाविदाचं पाप मोठं की माझं? पेत्रानं नाकारलं ते माझ्याइतकं वाईट होतं का? मनश्शे? यहूदा? दाविदाशी तुलना केली की थोडं हलकं वाटायचं, तासाभरात यहूदा आठवायचा. फ्रान्सिस स्पायरा नावाच्या, विश्वास सोडून निराशेत मेलेल्या माणसाची हकिगत हाताला लागली, तीही वाचली, आणि ती त्याला ताज्या जखमेवर मीठ चोळल्यासारखी झाली. शरीरावरही आलं, दिवस दिवस थरथर, पोटात जाळ आणि छाती अशी भरून यायची की छातीचं हाड मधोमध चिरतंय की काय असं वाटायचं.

शेवटी हिंमत करून तो एका म्हाताऱ्या, देवभीरू माणसाकडे गेला. सगळं सांगितलं. म्हणाला, मला भीती वाटते की माझ्या हातून पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप झालंय. म्हातारा म्हणाला, मलाही तसंच वाटतं.

बस. एवढाच सल्ला. बनियननं त्याच्यावर राग काढलेला नाही, एवढंच लिहिलंय की माणूस चांगला होता पण या लढाईशी त्याची ओळख नव्हती. मी इतका समजूतदार राहिलो नसतो. तो म्हातारा काही दुष्ट नव्हता, आणि आपल्या मंडळीत असला सल्ला देणारे काका-मावशीही दुष्ट नसतात. फरक इतकाच की मत्तय बाराव्या अध्यायात जे क्षमा नसलेलं पाप सांगितलंय ते डोळ्यासमोर आंधळा-मुका बरा झालेला बघून, शुद्धीवर असताना, ठरवून ‘हे बालजबूलाचं काम’ म्हणणाऱ्या परूश्यांच्या संदर्भात सांगितलंय. ज्याला रात्रभर झोप नाही की ते पाप आपल्याकडून झालं का, त्याची आणि परूश्यांची जात एक नाही. हे म्हाताऱ्यानं सांगायला हवं होतं, आणि त्याहून सोपं, एवढंच विचारायला हवं होतं की बाबा, हा विचार आला तेव्हा तुला आनंद झाला की कापरं भरलं?

मग कामी काय आलं?

इथं एक सरळ उत्तर नाही, आणि साक्ष देताना आपण जसं ‘एका वचनानं मुक्त झालो’ म्हणतो तसं तर मुळीच नाही. तुकड्यातुकड्यांनी आलं.

पहिली गोष्ट, माणसं. हा विकायचा विचार यायच्या बऱ्याच आधी बेडफर्डच्या रस्त्यावर तीनचार गरीब बायका दारात उन्हाला बसून देवानं आपल्या मनात काय केलं ते बोलत होत्या, आणि हा भांडी सांधायला आलेला बाप्या कान देऊन उभा राहिला. त्यांनी त्याला त्यांचे पाळक जॉन गिफर्ड यांच्याशी जोडून दिलं. गिफर्ड हा आधी राजाच्या बाजूचा मेजर, फाशीच्या शिक्षेतून पळालेला, मग वैद्यकी करणारा, आणि मग पाळक. त्यांनी बनियनला घरी बोलवलं, इतरांशी चाललेलं बोलणं ऐकू दिलं. खोट्या आणि कच्च्या आधारांवर विश्वास उभा करू नका हा त्यांच्या शिकवणीचा भर होता, आणि बनियनसारख्या खात्री मोजत बसणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं होतं. गिफर्ड १६५५ ला गेले, पण मंडळी राहिली.

दुसरी, एक जुनं पुस्तक. मार्टिन ल्यूथरचं गलतीकरांस पत्रावरचं भाष्य, प्रत इतकी जुनी की पान उलटलं तर हातात सुटून येईल. त्याला वाचताना वाटलं हे कुणीतरी माझ्याच काळजातून लिहिलंय. ल्यूथर स्वतः मठात असताना तासन् तास पापांगीकार करायचा आणि बाहेर पडला की राहिलेलं पाप आठवायचं, त्यामुळं त्याला हा रोग आतून माहीत होता. पक्षी डोक्यावरून उडणं तुमच्या हातात नाही, केसात घरटं करू द्यायचं का ते तुमच्या हातात आहे, ही त्यानं वापरलेली जुनी उपमा आजही पाळक सांगतात. मला ती अर्धीच पटते, कारण या लोकांचा घोळ असा की ते घरटं होईल म्हणून दिवसभर आभाळाकडे बघत हात हलवत उभे राहतात.

तिसरी गोष्ट वचनं, पण वचन कसं कामी आलं ते बघण्यासारखं आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे त्याला आधी अर्धंच लागू पडायचं, ‘कृपा पुरे आहे’ ठीक, पण ‘तुला’ हा शब्द काही आत उतरेना. तो शब्द उतरला मंडळीच्या सभेत, सगळ्यांमध्ये बसलेला असताना, उदास, काही अपेक्षा नसताना. एकट्यानं खोलीत बसून त्या वचनाला पिळत होता तेव्हा नाही. तरी काही आठवड्यांनी परत एसाव हजर. वर खाली, वर खाली. मग त्यानं मनाशी म्हटलं की ही दोन्ही वचनं एकदाच समोरासमोर आली तर कोण जिंकेल बघू, आणि दोनतीन दिवसांत तसंच झालं, एसावाचं वचन फिकं पडत गेलं आणि कृपेचं राहिलं.

त्यानंतर, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे, त्याच्यात एसावाकडे शांत डोक्यानं बघायची ताकद आली. ज्या वचनापासून तो दोन वर्षं पळत होता ते उघडून बसला आणि उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय काढून वाचला. त्याला दिसलं की एसावाचं पाप म्हणजे मनाच्या सतत विरोधात, घाईत निसटलेला विचार नव्हता, तो पूर्ण संमतीनं, विचार करून, भावासमोर उघड केलेला आणि प्रत्यक्षात उतरवलेला सौदा होता, आणि नंतरही त्यानं त्या हक्काला तुच्छच लेखलं. विचार येणं एक आणि त्याला मान्यता देऊन तसं वागणं दुसरं, हा फरक पुढं मानसोपचारवाल्यांनी त्यांच्या पद्धतीनं मांडला, भांडी सांधणाऱ्या माणसानं तो उत्पत्ती वाचून काढला. पण दोन वर्षं आधी हाच फरक त्याला कुणी सांगितला असता तर पटला असता का? मला शंका आहे. भीतीनं घेरलेल्या माणसाला युक्तिवाद दिला की तो त्यातही भोक शोधतो.

आणि शेवटी ते शेत. शेतातून चालला होता, मनात परत थोडी रुखरुख की अजून काहीतरी चुकतंय, आणि एकदम एक वाक्य आलं, ‘तुझं नीतिमत्त्व स्वर्गात आहे.’ त्याला दिसलं की आपलं नीतिमत्त्व म्हणजे स्वतः ख्रिस्त, देवाच्या उजवीकडे, म्हणजे आपण कुठंही असो, काहीही करत असो, देव असं म्हणू शकत नाही की याच्यापाशी नीतिमत्त्व नाही, कारण ते तर त्याच्या समोरच आहे. आणि पुढचं वाक्य मी या सगळ्या केसचं मर्म मानतो: माझं मन चांगल्या स्थितीत असलं म्हणून ते नीतिमत्त्व वाढत नाही, मन वाईट स्थितीत असलं म्हणून ते घटत नाही. घरी जाऊन त्यानं हे वाक्य बायबलमध्ये शोधलं, आणि ते या शब्दांत कुठं मिळालंच नाही, थोडं वाईट वाटलं, मग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं तिसावं वचन आठवलं आणि जीव भांड्यात पडला.

यात काय झालं ते नीट बघा. विचार जिंकला नाही, हरला नाही, त्याच्यावर जे लावलं होतं ते काढून घेतलं गेलं. इतके दिवस तारण आहे की गेलं हे ठरत होतं त्या क्षणी मनात काय चाललंय त्यावरून, म्हणून मनावर चोवीस तास पहारा, आणि जितका पहारा तितके चोर दिसणार. आता तारणाचं ठिकाणच मनाच्या बाहेर गेलं. पहाऱ्याला कामच उरलं नाही.

नंतरचं, जे साक्षीत सांगत नाहीत

विचार थांबले का? नाही. मंडळीत सामील होऊन प्रभुभोजन घ्यायला लागला तेव्हा पाऊण वर्ष त्याला तिथंच, भाकर घेताना, त्या विधीची निंदा करावी आणि जे खातायत त्यांचं वाईट चिंतावं असे विचार यायचे. पुढं प्रवचन करायला लागला, तेव्हाही मध्येच देवनिंदेची वाक्यं डोक्यात यायची आणि भर सभेत तोंडानं बोलून टाकावीत असं वाटायचं. तरी तो प्रवचन करत राहिला. भोजनाला जात राहिला. पूर्वीचा बनियन भोजन सोडून घरी बसला असता, ‘आधी मन शुद्ध होऊ दे’ म्हणून.

‘यात्रिक क्रमण’ ज्यांनी वाचलंय त्यांना मृत्युच्छायेच्या खोऱ्यातला तो प्रसंग आठवेल, एक दुष्ट हळूच मागून येऊन यात्रेकरूच्या कानात देवनिंदा कुजबुजतो, आणि बिचाऱ्याला वाटतं हे आपल्याच मनातून आलं. दुसऱ्या कुठल्याही त्रासापेक्षा त्याला याचंच जास्त लागतं. लिहिणाऱ्यानं ते कुठून आणलं हे आता सांगायला नको. आणि गंमत म्हणजे तो यात्रेकरू त्या कुजबुजणाऱ्याशी वाद घालायला मागं वळत नाही, त्याला तेव्हा तेवढं सुचतही नाही, तो चालत राहतो.

आपल्याकडं हे कसं लावायचं

बनियनच्याच काळात, त्याच देशात रिचर्ड बॅक्स्टर नावाचे प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाचे, पाळक होते, किडरमिन्स्टरचे. खिन्नतेनं आणि असल्या विचारांनी पछाडलेली माणसं त्यांच्याकडे खूप यायची. त्यांचा सल्ला ऐकून आजचे काही पास्टर दचकतील: अशा माणसाला एकांतात लांब लांब मनन करायला लावू नका, त्याचं डोकं ते पेलत नाही, त्याला माणसांत ठेवा, हाताला काम द्या, आणि वैद्याकडे न्या, औषध द्या. सतराव्या शतकातला कडक प्युरिटन हे सांगतो आणि आपण एकविसाव्या शतकात म्हणतो गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला!

आपल्याकडची नेहमीची तीन औषधं म्हणजे उपास, वचन घोकणं आणि सैतानाला धमकावणं. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील, पण या एका त्रासात तिन्हींचं रूपांतर बनियनच्या ‘हजारो, हजारो, हजारो’मध्ये होतं. पोरगी रोज चाळीसदा ‘येशूच्या नावात निघून जा’ म्हणते, सुटका मिळते दोन मिनिटं, मग परत, आणि त्या दोन मिनिटांसाठी पुढच्या वेळी एक्केचाळीसदा म्हणावं लागतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं प्रत्येक विचार बंदिस्त करून ख्रिस्ताच्या अधीन करायचं वचन इथं हमखास काढलं जातं. अध्याय वाचला तर पौल तिथं करिंथमध्ये त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शिकवणींबद्दल, देवाच्या ज्ञानाविरुद्ध उंच केलेल्या युक्तिवादांबद्दल बोलतोय. बस स्टॉपवर उभं असताना डोक्यात चमकून गेलेल्या घाण चित्राला हातकड्या घालत बसा असं तो सांगत नाही, निदान मला तरी तसं दिसत नाही.

पाळकांनी करण्यासारखं एक काम आहे आणि ते अवघड आहे. असा माणूस येतो, विचारतो, पास्टर, माझं तारण गेलं का? तुम्ही म्हणता, नाही. खूश होऊन जातो. दुसऱ्या दिवशी फोन, पण काल मी एक गोष्ट सांगायची राहिली. परत सांगता, नाही. तिसऱ्या दिवशी परत. स्पेनमधल्या मॅनरेसाला १५२२ मध्ये इग्नेशियस लोयोलाचं, पुढं जेझुइट संघ काढणाऱ्या संताचं, हेच झालं होतं, त्याच्या पापांगीकार ऐकणाऱ्या पुरोहितानं सांगितलं की जुनी पापं परत सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तरच सांग, आणि त्याला बिचाऱ्याला सगळीच स्पष्ट वाटायची. तेव्हा पहिल्यांदा नीट, सविस्तर उत्तर द्यायचं, शास्त्रातून द्यायचं, आणि मग प्रेमानं सांगायचं की याच प्रश्नाचं उत्तर मी परत देणार नाही, त्यानं तुला फायदा नाही होत, चल चहा घेऊ आणि रविवारच्या खुर्च्या लावायला ये. कठोर वाटतं. पण रोज दिलासा देणं हे कोपरानं ढकलण्यासारखंच आहे, फक्त कोपर पाळकाचं असतं.

विश्वासाचा अभ्यास म्हणून जे सांगावंसं वाटतं ते इतकंच. विचार आला, आला. ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘हो’ म्हणायचं नाही, तपासायचं नाही की आपल्याला खरंच तसं वाटतं का. ताटावर असाल तर जेवण पूर्ण करा. प्रार्थनेत मध्येच आला तर पहिल्यापासून सुरू करू नका, पुढच्या ओळीवर जा, प्रार्थना ठरलेल्या वेळी संपवा. भाकर हातात असताना आला तर भाकर घ्या. भीती वाटेल, सुरुवातीला खूप वाटेल, ती वाटू दे, ती कमी व्हायची वाट बघत हात रोखू नका. पेत्र म्हणतो तशी चिंता त्याच्यावर टाकायची म्हणजे एकदा टाकायची, टाकली का नाही ते बघायला दर पाच मिनिटांनी परत उचलायची नाही.

आणि विचारांपायी दिवसातला तासभर किंवा जास्त जात असेल, झोप, जेवण, अभ्यास, कामधंदा बिघडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. मंत्रचळ, ओसीडी म्हणतात त्याला, आणि त्यातला धार्मिक प्रकार डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे, तुम्ही सांगितल्यावर ते दचकत नाहीत. त्याच्यावर एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन नावाची थेरपी आहे, म्हणजे विचाराला सामोरं जायचं आणि नेहमीची प्रतिक्रिया द्यायची नाही, आणि गोळ्याही आहेत, ज्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळं चार दिवसांत सोडू नका आणि स्वतःच्या मनानं बंदही करू नका. थेरपिस्ट ख्रिस्ती नसला तरी चालतो, फक्त पहिल्याच भेटीत सांगा की माझा विश्वास मला टिकवायचाय, पाप करायला लावणारा व्यायाम नको, चांगला थेरपिस्ट तुमच्या पाळकाशी बोलायलाही तयार असतो. मरावंसं वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, घरातल्या कुणाला तरी आत्ता सांगा, किंवा सरकारच्या टेली मानसला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती. कुणी येऊन असलं काही सांगितलं तर चेहरा बदलू देऊ नका, आणि ‘मलाही तसंच वाटतं’ तर चुकूनही म्हणू नका. कळत नसेल तर म्हणा, पोरा, मला यातलं कळत नाही, पण उद्या मी तुझ्यासोबत डॉक्टरकडे येतो, आणि खरंच जा.